पायरीवर बसलेली पोरं

पोर्टलंड, ओरेगन
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू एवढंच विचारलंस, "पोरांना घेऊन गुत्त्यावर बसतोस होय रे?" आणि मी गप्प झालो. मग मी यंत्रमागांच्या मंदीचं विचारलं, तू सुताचे भाव सांगितलेस, आईंच्या गुडघ्याचं सांगितलंस. पण तो प्रश्न तसाच राहिला हे तुलाही कळलं असणार. तीन दिवस तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. फोनवर मी काहीतरी अर्धवट बोलून बसेन, म्हणून पोरं झोपल्यावर लिहायला घेतलंय. बऱ्याच वर्षांनी तुला कागदावर लिहितोय.

मी पाठवलेला फोटो तुला खटकला, त्यात काय दिसतंय ते आधी सांगतो. लांबलचक लाकडी टेबल, त्यावर थोरलीचे खडू आणि अर्ध रंगवलेलं घर. धाकटा बाकावर उभा. मागे स्टीलच्या उंच टाक्या, आपल्याकडच्या दूध संघात असतात तशा. आणि कोपऱ्यात माझा हात, हातात ग्लास. त्या जागेला इथे टॅपरूम म्हणतात. बिअर जिथे बनते तिथेच नळाखाली ग्लास धरून देतात. पूर्वी ते गोदाम होतं. वर पत्रा, खाली सिमेंटची फरशी, एका बाजूचं शटर उन्हाळ्यात उघडं. दारात जेवणाची गाडी लागते. मुलांसाठी एका कोपऱ्यात लाकडी ठोकळे आणि फाटकी गोष्टींची पुस्तकं. रविवारी दुपारी तिथे माणसं पोरं घेऊन येतात, कुत्री घेऊन येतात, कोणी आजीला घेऊन येतं.

तू म्हणशील, बाग नाही का गावात? आहे, खूप आहेत. पण इथे ऑक्टोबरला पाऊस लागतो तो मे महिन्यापर्यंत रिपरिप चालूच. आपला पाऊस कसा कोसळून मोकळा होतो, हा तसा नाही. घसरगुंडी ओली, झोपाळा ओला, साडेचारला अंधार. दोन लहान पोरं घेऊन तीन खोल्यांत आठ महिने काढायचे म्हणजे काय ते ही आणि मीच जाणतो. कोरडी, उबदार, मोठ्यांदा बोललं तरी चालणारी आणि खायला मिळणारी जागा शोधत आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो. बिअरसाठी गेलो नव्हतो असं म्हणणार नाही. दोन्हीसाठी गेलो होतो.

या जागा अशा का झाल्या हे मी नंतर वाचलं. हे राज्य १ जानेवारी १९१६ ला कोरडं झालं, सगळ्या देशात दारूबंदी आली त्याच्याही चार वर्षं आधी. १९३३ मध्ये बंदी उठली, पण बनवणारा वेगळा, घाऊक विकणारा वेगळा आणि ग्लासात ओतणारा वेगळा असे कप्पे कायद्याने पाडले. बिअर बनवणाऱ्याला स्वतःच्या दारात ग्लास विकता येईना. १९८५ मध्ये ओरेगनने ते बदललं आणि एकाच छपराखाली बनवायला, वाढायला आणि जेवू घालायला परवानगी दिली. इथल्या मॅकमेनामिन या दोघा भावांनी त्याच वर्षी हिल्सडेलला पहिली अशी जागा काढली. जेवण आलं तशी बायकापोरं आली. पुढे १९९७ मध्ये याच भावांनी १९१५ सालची एक बंद पडलेली प्राथमिक शाळा घेऊन तिथे मुक्कामाच्या खोल्या, सिनेमा, बिअर असं सगळं केलं. केनेडी स्कूल नाव अजून तेच आहे, वर्गातले काही काळे फळेही भिंतीवर आहेत. पहिल्यांदा त्या व्हरांड्यात उभा राहिलो तेव्हा मला आपली नगरपालिकेची शाळा आठवली आणि पोटात काहीतरी हललं. शाळेत ग्लास घेऊन फिरणारी माणसं बघायला मला जड गेलं. अजूनही थोडं जातं. पण ती शाळा पाडून तिथे गाड्या लावायला जागा केली असती तर जास्त बरं झालं असतं का, याचं उत्तर मला देता येत नाही.

आता आपल्या पायरीचं बोलतो. तू बोलणार नाहीस, म्हणून मीच बोलतो.

पगाराच्या दिवशी तुझी आई तुला अण्णांच्या मागे पाठवायची आणि तू मला हाक मारायचास. देशीच्या दुकानाला जाळीची खिडकी होती आणि बाजूला आत जायचं दार होतं. आत पोरांना येऊ देत नसत, म्हणून आपण पायरीवर बसायचो. आतून बाकडं सरकल्याचा आवाज, कोणीतरी शिव्या देतंय, कोणीतरी रडतंय, आणि तो वास. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, म्हणून ते जास्तच भयंकर वाटायचं. मग अण्णा बाहेर यायचे. दुपारी मागावर तुटलेला धागा डोळ्यांचं पातं लवायच्या आत जोडणारा माणूस रात्री नऊला चपलेत पाय घालू शकत नव्हता. एका बाजूने तू, एका बाजूने मी. तू तेव्हा दहाचा होतास मर्दा. थोरली पुढच्या महिन्यात आठ पूर्ण करेल.

इथे वाचताना एक गोष्ट कळली ती तुला सांगायचीच होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शहरांत बाप पोरांना झाकणाची बादली देऊन दारूच्या दुकानात पिटाळायचे, बिअर भरून आणायला. त्या बादलीला ग्राउलर म्हणत. आज टॅपरूममधून घरी न्यायला काचेचा मोठा जग मिळतो, पावणेदोन-दोन लिटरचा, त्यालाही ग्राउलरच म्हणतात. कपाटात ओळीने मांडलेले ते जग मी दोन वर्षं बघत होतो. नाव कळल्यापासून मला त्या कपाटाकडे बघताना सोड्याच्या बाटल्या आणि खारे शेंगदाणे घेऊन पळणारे आपण दोघं दिसतो. मी तो जग कधी घेतला नाही.

म्हणून सांगतो, तुझा प्रश्न मला परका नाही. मी रोज तो स्वतःला विचारलाय. फक्त माझं उत्तर तुझ्यापेक्षा वेगळं निघालं.

इथे आपली मंडळी जमतात, दिवाळीला, कोणाच्या वाढदिवसाला. बायका आणि पोरं आत, आणि पुरुष गॅरेजमध्ये. गॅरेजचं दार लोटलेलं. मुलं पाणी मागायला आली की कोणीतरी ग्लास गाडीच्या चाकामागे ठेवतो. अकरा वाजता तेच काका लाल डोळ्यांनी बाहेर येऊन गाल ओढतात. मी त्या गॅरेजमध्ये बसलेला आहे. एकदा दार किलकिलं झालं आणि थोरली फटीतून बघत उभी होती. आत येऊ का असं तिने विचारलंही नाही. गड्या, ती पायरीच होती. फक्त जाळीच्या खिडकीऐवजी रिमोटचं दार.

त्या दिवसानंतर मी गॅरेजमध्ये बसणं सोडलं. टॅपरूममध्ये जातो ते दुपारी तीनला, लख्ख उजेडात. मी काय पितोय, किती पितोय, मग कसा बोलतोय, सगळं तिच्यासमोर. एकच ग्लास. जो पिणार नाही तो गाडी चालवणार, आणि त्याने थेंबही घ्यायचा नाही. बहुतेक वेळा न पिणारी हीच असते, आणि हा तिच्यावर अन्याय आहे हे मला मान्य आहे. म्हणून आता पाळी लावली आहे.

पण हे सगळं शहाणपण मला आधीपासून होतं असं समजू नकोस. दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा. ऑफिसातला एक जण भेटला, आम्ही बोलत बसलो, माझा दुसरा ग्लास होता. टाक्यांच्या बाजूला फक्त एक पिवळी साखळी आडवी लावलेली होती, मोठ्याच्या मांडीएवढ्या उंचीवर. हा तिच्याखालून सरळ चालत गेला. पलीकडे एक माणूस गुडघाभर रबरी बूट घालून टाकी धूत होता, जाड पाइपातून वाफाळतं पाणी येत होतं. त्याने एका हाताने झडप बंद केली आणि दुसऱ्या हाताने पोराला उचललं. माझ्याकडे आणून दिलं. ओरडला नाही. मी उठायच्या आत हे सगळं झालं होतं. मी उठलोच नव्हतो, मित्रा. ही दोन्ही पोरांना घेऊन गाडीत जाऊन बसली, मी मागून गेलो, आणि घरी पोचेपर्यंत कोणी बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच त्या माणसाला भेटायला गेलो. माफी मागितली. त्याने मला आत फिरवून दाखवलं. गरम पाणी तर आहेच, धुवायला कॉस्टिक वापरतात ते कातडी जाळतं, आणि बिअर आंबताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. म्हणजे मोठ्या माणसाच्या आधी लहान मुलाच्या नाकाशी. "हा कारखाना आहे, लोक विसरतात," तो म्हणाला. मी यंत्रमागाच्या गावचा माणूस. पट्ट्याजवळ पोरांना फिरकू द्यायचं नाही हे मला जन्मापासून माहीत, आणि मीच विसरलो होतो.

तेव्हापासून एक तास, त्यापुढे नाही. पोरांचं जेवण घरून झालेलं. धाकटा कायम आमच्यापैकी एकाच्या हाताच्या अंतरात. पोरं कंटाळली की उठायचं, ग्लास अर्धा असला तरी तसाच ठेवून. तिथे काम करणाऱ्या मुली हातात आठ-आठ ग्लासांचा ट्रे घेऊन टेबलांमधून जातात, आणि पायात पकडापकडी खेळणारी पोरं आली तर दोष आईबापाचा असतो. काही टॅपरूम आता मुलांना घेतच नाहीत, आमच्या नेहमीच्या जागी रात्री आठनंतर मज्जाव आहे. आईबाप त्यावरून चिडतात. मला ते बरोबर वाटतं. दिवसभर राबून शांतपणे एक ग्लास घ्यायला आलेल्या माणसाने माझ्या पोराचं रडणं का ऐकावं? एकदा एक म्हातारे गृहस्थ आमच्या शेजारचं टेबल सोडून उठून गेले. काही बोलले नाहीत. त्यांचा चेहरा माझ्या लक्षात आहे.

पोरांना तिथे काय मिळतं असंही तू विचारशील. त्याच बूटवाल्या माणसाने थोरलीच्या ओंजळीत मोड आणून भाजलेला सातू घातला. तिने चावून बघितला आणि म्हणाली, आजीच्या सातूच्या पिठासारखा लागतो. खरंच लागतो. धान्य गरम पाण्यात भिजवून गोड पाणी काढून घेतात, उरलेला चोथा गुरांना जातो, हे ऐकून तिला फार बरं वाटलं. सप्टेंबरात आम्ही विल्यामेट खोऱ्यात हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, शेती बघायला गेलो. द्राक्षाचा मांडव तू पाहिलायस, हे त्याच्या तिप्पट उंच, पाच-साडेपाच मीटरच्या तारांवर चढलेले वेल. फूल बोटांत चुरडलं की लिंबाचं पान आणि राळ असा मिसळून वास. यातली कॅस्केड नावाची जात इथून जवळच कॉर्व्हॅलिसला तयार झाली, १९७२ मध्ये ती शेतकऱ्यांना मिळाली, आणि अमेरिकेतल्या या छोट्या ब्रुअऱ्यांची चव तिच्यावर उभी आहे. थोरलीने एक फूल वहीत दाबून ठेवलंय. तिच्यासाठी बिअर म्हणजे आधी एक शेत आहे. आपल्यासाठी ती आधी एक जाळीची खिडकी होती.

पण यामुळे ती पुढे पिणार नाही, किंवा मोजूनच पिईल, असं मी तुला लिहून देऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. मी ते वाचलंय आणि तरी रविवारी एक ग्लास घेतो. उघड्यावर बसून हसणारी माणसं बघून हे सगळं गोडच असतं असं तिला वाटेल, ही तुझी भीती असेल तर ती खरी आहे. तिला तिथे अण्णा दिसत नाहीत. घरी गेल्यावर काय होतं ते दिसत नाही. मी उजेडाची बाजू दाखवतोय आणि पायरीची बाजू लपवतोय, हे मला हे पत्र लिहिता लिहिता जास्त कळतंय. तुमच्या वॉर्डात दारूचं दुकान बंद करायचं मतदान झालं तेव्हा तुझ्या आईने आडव्या बाटलीवर शिक्का मारला आणि बाहेर येऊन रडली, ते तू मला सांगितलं होतंस. तेही तिला माहीत नाही.

म्हणून एक विचारायचंय. परवा फोन स्पीकरवर होता. थोरली शेजारीच चित्र काढत होती आणि तिने सगळं ऐकलं. रात्री अंथरुणात तिने विचारलं, "गुत्ता म्हणजे काय? आणि काका तुझ्यावर का चिडला?" मी म्हटलं, काका चिडला नाही, काकाला काळजी वाटते. कसली, तिने विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगतो. ते उद्या अजून आलेलं नाही आणि ती रोज विचारते.

तिला अण्णांबद्दल सांगू का? पायरी, चप्पल, सगळं, तिला कळेल अशा भाषेत. ती गोष्ट माझी नाही, तुझी आहे, म्हणून तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही. तू नको म्हणालास तर दुसरं काहीतरी सांगेन. आणि तुला जमणार असेल तर तूच सांग तिला, पुढच्या रविवारी फोन कर. आम्ही घरीच असू.

आईंना नमस्कार. वहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझाच,
पायरीवरचा सोबती