क्रोममध्येच उघडा, हा आग्रह कशासाठी?

संपादक साहेब, नमस्कार,

हल्ली फॉर्म भरण्यापासून बिल भरण्यापर्यंत सगळं ऑनलाइन झालंय, चांगलंच आहे, पण बऱ्याच वेबसाइट एकाच ब्राउझरमध्ये धड चालतात त्याचं काय? मी फायरफॉक्स वापरतो. परवा एका साइटवर अख्खा फॉर्म भरला, शेवटी जन्मतारखेवर क्लिक केलं तर कॅलेंडर उघडेचना, टाइप करू म्हटलं तर तेही घेईना, आणि सबमिटचं बटण आपलं राखाडीच. काय अडलंय ते सांगणारी एक ओळ नाही. हेल्पलाइनला फोन केला तर एकच उत्तर, "सर, क्रोममध्ये ट्राय करा."

दुसरी एक साइट तर दारातूनच परत पाठवते, "तुमचा ब्राउझर चालणार नाही." प्रत्येक ब्राउझर साइटला आपली ओळख पाठवत असतो, युजर एजंट म्हणतात त्याला. मी सेटिंग बदलून फायरफॉक्सला "मी क्रोम आहे" असं सांगायला लावलं आणि तीच साइट पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरळीत चालली! म्हणजे चालत नाही वगैरे काही नव्हतं, नुसतं नाव बघून हाकललं. बरं ही थापेबाजी जुनीच आहे. नव्वदच्या दशकात साइट चांगलं पान फक्त नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरला द्यायच्या, तो आपली ओळख "मोझिला" अशी सांगायचा, म्हणून मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोररही स्वतःला मोझिला म्हणवून घ्यायला लागला, आणि आजही क्रोम, सफारी, एज सगळ्यांची ओळख "मोझिला/५.०" नेच सुरू होते.

एका ब्राउझरला बांधून घेतलं की पुढे काय होतं ते इंटरनेट एक्सप्लोररने दाखवलंय की. २००१ साली त्याचं ६ नंबरचं व्हर्जन आलं, कंपन्यांनी आपल्या सिस्टीम त्याच्यावर आणि अ‍ॅक्टिव्हएक्स या त्याच्यातच चालणाऱ्या तंत्रावर उभ्या केल्या आणि मग वर्षानुवर्षं तिथेच अडकून पडल्या. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये त्याचा सपोर्ट बंद केला तरी त्या जुन्या साइटसाठी आपल्या नव्या एज ब्राउझरमध्ये आयई (म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर) मोड ठेवावाच लागला, आणि तो किमान २०२९ पर्यंत राहणार आहे.

आता तीच गत क्रोमची. ओपेरा, एज सगळे त्याच्याच इंजिनावर, म्हणजे पान पडद्यावर मांडणाऱ्या आतल्या भागावर, गेले, त्यामुळे डेव्हलपर क्रोममध्ये एकदा बघतात आणि झालं टेस्टिंग. गंमत म्हणजे आयफोनवरचं क्रोम आतून सफारीच्याच इंजिनावर चालतं, तिथे "क्रोममध्ये उघडा" सांगून काय होणार? आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ज्यांना काही इन्स्टॉलच करता येत नाही त्यांनी काय करायचं?

साइट बनवणाऱ्यांनी ब्राउझरचं नाव न बघता त्याला काय जमतं ते तपासावं, कोडमध्ये ते सहज करता येतं. साइट लाइव्ह करण्याआधी फायरफॉक्स आणि सफारीमध्ये एकदा फॉर्म स्वतः भरून बघावा. तेवढंही होत नसेल तर "फक्त क्रोम" ही पाटी निदान पहिल्या पानावर लावा, अख्खा फॉर्म भरून झाल्यावर फोनवर सांगू नका.

- एक वाचक