बालविभागाचे कपाट मोठ्यांसाठीही उघडे असावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या हिवाळ्यात तूर आणि हरभरा राखण्यासाठी मचाणावर जागल करताना मी मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुत साहसकथांची ११ पुस्तके वाचली. ही पुस्तके बहुधा ८ ते १२ वर्षांच्या वाचकांसाठी म्हणून छापली जातात. माझे वय ५४ आहे. बारावे पुस्तक मागायला तालुक्याच्या ग्रंथालयात गेलो, तेव्हा "काका, हे लेकरांचं कपाट आहे, नातवाचं नाव सांगा, त्याच्या नावावर देतो," असे उत्तर मिळाले. मला नातू नाही, आणि खोटे नाव सांगणे मनाला पटेना, म्हणून रिकाम्या हाताने परत आलो. बोलणाऱ्याने आपुलकीनेच सांगितले होते; पण त्यामागची समजूत मला चुकीची वाटते, आणि तिच्याविषयीच हे पत्र आहे.

रोही, म्हणजे नीलगायी, हरभऱ्याचे शेंडे खायला मध्यरात्रीनंतर येतात. तोवर जागे राहायचे, मधूनमधून डबा वाजवायचा आणि धुऱ्यावरून एक फेरी मारून यायची, असा आमचा क्रम असतो. पाच-सहा पानांची प्रकरणे त्या क्रमात नेमकी बसतात. अशा पुस्तकांच्या आरंभी बहुतेक वेळा हाताने काढलेला नकाशा असतो. एका रात्री डोक्याला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात त्या नकाशातला ओढा कोणत्या डोंगरातून निघून कुठे मिळतो, हे मी बोटाने पाहत होतो. तेवढ्यात तुरीत खसखस झाली. मी डबा वाजवला, जनावर निघून गेले आणि बोट मात्र ओढ्याच्या वळणावर तसेच राहिले. शेतीच्या हिशेबाने भरलेल्या डोक्याला इतके एकाग्र होणे कित्येक वर्षांत जमले नव्हते.

या कथांतले मूल बलवान नसते आणि श्रीमंतही नसते. एखादी किल्ली, अर्धवट आठवणारे गाणे आणि न बोलावता सोबत आलेला एखादा बडबड्या प्राणी, एवढ्या बळावर ते निघते. चांगल्या लेखकाच्या हाती जादूलाही कडक नियम असतात: मागितलेल्या गोष्टीची किंमत चुकवावी लागते आणि दिलेला शब्द मोडला की दार बंद होते. दहाव्या वर्षी वाचले असते, तर माझे सारे लक्ष त्या मुलावर राहिले असते. आता ते घाटावरच्या म्हाताऱ्या नावाड्याकडे जाते, जो मुलाला पलीकडे सोडतो, पुढची वाट सांगतो, पण सोबत जात नाही. गेल्या वर्षी मुलगी शिकायला नागपूरला निघाली, तेव्हा एसटीच्या खिडकीशी उभे राहून मी तेवढेच करू शकलो होतो. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो.

गोष्टींची अशी वयावरून वाटणी आपल्याकडे जुनी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात कावळ्याच्या शेणाच्या आणि साळई या पक्ष्याच्या मेणाच्या घराची गोष्ट आहे. मराठी गद्याच्या आद्य ग्रंथात, थोरांच्या धर्मचर्चेशेजारी, ती बसली आहे. माझ्या लहानपणी खळ्यावर रात्री गोष्ट रंगायची, तेव्हा राक्षसाचा जीव कोणत्या पोपटात आहे, हे ऐकायला म्हातारी माणसेच पुढे सरकून बसत आणि हुंकारा देत.

सगळीच पुस्तके चांगली असतात, असे मी म्हणणार नाही. काही नुसत्या चमत्कारांनी भरलेली असतात, आणि अनुवादांत तर मूळ शब्दांचा खेळ पुष्कळदा वाळून जातो. म्हणूनच मराठीत, आपल्या मुलखातली अशी पुस्तके मोठ्या संख्येने यावीत, असे मला कळकळीने वाटते. पोटात कावळे ओरडतात किंवा आभाळ फाटते, असे आपण रोज म्हणतो. ते कावळे खरोखर कुठे राहत असतील आणि फाटलेले आभाळ शिवणारा शिंपी कोण असेल, एवढ्यावर एक अख्खे राज्य उभे राहू शकते. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर उल्का आदळून बसाल्ट खडकात तयार झाले, आणि लोककथा म्हणते की तिथे लोणासुर राहत होता व विष्णूने त्याला मारले. जून २०२० मध्ये तर सरोवराचे पाणी गुलाबी झाले. त्याचे कारण खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव होते, पण बारा वर्षांच्या नायिकेला त्या काठावर उभे करायला लेखकाला याहून अधिक काय हवे?

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दोन अशी आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ग्रामीण ग्रंथालयांच्या चालकांना माझी विनंती आहे की, बालविभागातली पुस्तके प्रौढ सभासदांना त्यांच्या स्वतःच्या नावावर द्यावीत. मुलांची मागणी असेल तेव्हा पहिला हक्क मुलांचा, याला माझी पूर्ण संमती आहे. परंतु परीक्षेच्या दिवसांत ते कपाट महिनोन्महिने बंद असते, हे मी स्वतः पाहिले आहे. आपणही रविवारच्या पुरवणीत अशा पुस्तकांच्या परीक्षणासाठी थोडी जागा ठेवावी आणि ती परीक्षणे मोठ्या वाचकांनाही उद्देशून असावीत. हरभरा अजून उभा आहे आणि बारावे पुस्तक मला हवे आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. केळापूर, जि. यवतमाळ