आधी जाळी बसवून घे

धायरी, पुणे

चि. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

एसीच्या कामासाठी तू स्वतःची व्हॅन घेतलीस, फार बरं वाटलं. पण परवा मागचा दरवाजा उघडला आणि काळजात धस्स झालं. नायट्रोजनचा सिलिंडर आडवा, त्याला टेकून व्हॅक्यूम पंप, आणि ग्राइंडर चाकासकट वरच्या फळीवर.

गाडी 50 च्या वेगात धडकून जागीच थांबली, तरी मागचं सामान 50 नेच पुढे येतं. जवळजवळ 10 मीटर उंचीवरून खाली पडल्यावर बसेल, तेवढा त्याचा मार. वेग दुप्पट झाला की मार चौपट. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी कशी खेचली जाते ते तू रोज बघतेस. त्या उतारावर कुणी आडवं आलं, तर तो पंप आणि तुझं डोकं यांच्यात फक्त सीटची पाठ आहे. म्हणून आधी सीटमागे लोखंडी जाळी. फळ्या, खण, डबे सगळं नंतर.

सिलिंडर उभाच ठेव, टोपी लावून, वर-खाली दोन पट्ट्यांनी आवळून. सुतळी नको, हादऱ्यांनी सैल पडते. ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा घे. आर-32, म्हणजे एसीत भरायचा गॅस, पेटू शकतो, आणि मे महिन्यात बंद गाडीची भट्टी होते. काम संपलं की गॅसची बाटली उतरवून सावलीत, हवेशीर जागी ठेव, रात्री कितीही दमलीस तरी.

पंप आणि जड पेट्या तळाला, जाळीला भिडवून. ग्राइंडरचं चाक काढूनच पेटीत ठेव. पायाशी पाण्याची बाटली अजिबात नको. ती घरंगळून पेडलखाली अडकली, तर ब्रेक दाबलाच जात नाही. आग विझवायचा सिलिंडर सीटजवळ, हात पोचेल असा.

आणि तुझ्या मदतीला येणाऱ्या गणेशला मागे सामानावर बसवू नकोस. हिंजवडीच्या साइटवर दोन माणसं जास्त लागली, तर दुसऱ्याला रिक्षाने पाठव, पैसे मी देतो. त्याच्या आईला मी ओळखतो गं.

भोसरीच्या आपल्या फॅब्रिकेटरशी बोललोय. सीटमागची रुंदी-उंची मोजून मला कळव, रविवारी दोघं जाऊन बसवून घेऊ.

तुझे,
बाबा