लिस्बनहून

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद. बाबा केव्हाच झोपले. मला मात्र तुला लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सकाळी गाइडच्या झेंड्यामागून आमचा सगळा ग्रुप बेलेमला गेला, जेरोनिमोस मठ पाहायला. १५०१ मध्ये राजा मानुएलने तो बांधायला घेतला. पैसा बराचसा पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवरच्या करातून आला. म्हणजे हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून नेलेली मिरीच ती! खांबांवर जहाजांचे दोर कोरलेत, इतके सुंदर की मान वर करून पाहतच राहिले. आणि दाराजवळच वास्को द गामा, दगडात हात जोडून निजलेला. तो वारला कोचीत, १५२४ साली. अस्थी नंतर इथे आणल्या. सगळे फोटो काढत होते. मला काढवेना. वसईच्या मुलीने त्याच्यापुढे कोणत्या भावनेने उभं राहावं, ते कळेना. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला, हे आजीच्या तोंडून ऐकत वाढलेय मी. आणि सकाळी नाश्त्याला पाव मागितला, तर तो शब्दही इथलाच. चावी आणि बटाटाही.

दुपारी रोसियू चौकात एक तास मोकळा दिला. बाकीचे खरेदीला गेले, मी बाबांना घेऊन चढ चढून कार्मूच्या मठात गेले. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना भूकंप झाला. मग समुद्र शहरात शिरला आणि आगी लागल्या. मठाचं छप्पर कोसळलं ते आजही तसंच आहे. कमानी तेवढ्या उभ्या, वर उघडं आभाळ. बाबा दारातच थांबले. म्हणाले, "अगं, हे तर आपल्या किल्ल्यातलं चर्च!" अगदी तसंच गं. फक्त भिंतीतून फुटलेला पिंपळ नाही. तू तिथे चिंचा वेचायचीस ना, त्याच कोपऱ्यात उभी असल्यासारखं वाटलं. तिथे मात्र मला फोटो काढावासा वाटला. तुला पाठवलाय.

बसपाशी पोहोचायला सात मिनिटं उशीर झाला. सगळ्यांची माफी मागितली. पण तिथे गेले नसते, तर लिस्बन पाहिल्यासारखं वाटलंच नसतं.

उद्या सिंत्रा. बाबांचा गुडघा चढामुळे थोडा सुजलाय, तेल चोळलंय. तू वेळेवर जेवतेस ना? मे महिन्यात येशील तेव्हा एक संध्याकाळ किल्ल्यासाठी ठेव.

तुझी,
आई