सूचना : रविवारची बैठक आणि रेफरलची यादी

सर्व फिजिओ सदस्यांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. स्वतःचं क्लिनिक चालवणाऱ्यांनी तरी नक्की या. अडलं तर पटकन विचारायला आपल्या शेजारी कोणी नसतं.

गेल्या महिन्यात माझ्याकडे कंबरदुखीचे एक काका आले. ट्रॅक्शनचा (कंबर ताणायचा) पट्टा बांधत होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "बसायची जागा बधिर झालीय, लघवी झालेलीही कळत नाही." पट्टा तिथेच सोडला. कॉडा इक्वायनाची, म्हणजे मणक्याच्या खालच्या टोकाचा नसांचा गुच्छ दबल्याची शंका; अशा वेळी एकेक तास महत्त्वाचा. आपल्या ग्रुपमधल्या एका ताईंना फोन केला आणि त्यांच्या ओळखीच्या स्पाइन सर्जनकडे काका त्याच संध्याकाळी पोचले. एकट्याने मला हे जमलं नसतं.

म्हणून रेफरलच्या, म्हणजे पेशंट कुणाकडे पाठवायचा याच्या यादीसाठी आपापल्या भागातले सर्जन, एमआरआय सेंटर, पेल्व्हिक फ्लोअरचं (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं) आणि लहान मुलांचं काम करणारे फिजिओ यांचे नंबर आणा, अर्थात त्यांना विचारून. केस सांगताना पेशंटचं नाव घेऊ नका.

८ सप्टेंबरच्या जागतिक फिजिओथेरपी दिनाच्या शिबिराचंही तेव्हाच ठरवू. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.