चर्चच्या भिंतीला बूस्टर नको, तार हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात वसईतल्या आमच्या चर्चमध्ये माझ्या मेहुण्यांचा अंत्यविधी झाला. त्यांचा मुलगा दुबईला असतो. रजा मिळाली, पण तिकीट वेळेत मिळाले नाही, म्हणून तो तिथल्या खोलीत फोनवर विधीचे थेट प्रक्षेपण लावून बसला होता. प्रवेशगीत झाले, वाचने झाली. धर्मगुरू शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडायला पुढे आले आणि चित्र तिथेच थिजले. परत आले तेव्हा नुसती रिकामी बाके दिसत होती. रात्री त्याने मला फोन करून विचारले, "मामा, पप्पांना नेलं कधी?"

मी ३३ वर्षे टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. सोमवारी चावी मागून घेतली आणि फोन हातात धरून चर्चभर फिरलो.

हे प्रक्षेपण ज्या वाय-फायवरून जाते त्याचा राउटर आहे धर्मगुरूंच्या निवासात. मधे अंगण, मग चर्चची भिंत. खिडकीच्या खाचेत टेप धरली तर जाडी भरली २ फूट १० इंच, सगळी दगड-चुन्याची. पोर्चमध्ये सिग्नलच्या पूर्ण रेघा, आत चार बाके गेलो की एक, आणि कोयरच्या (गायकवृंदाच्या) माळ्यावर, जिथे कॅमेरा बसवलाय, तिथे तीही येत-जात होती. ही अवस्था रिकाम्या चर्चमधली. माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी असते आणि पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेते. म्हणून शनिवारी चाचणीत चाललेले प्रक्षेपण रविवारी भरल्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक उपासनेत, दगा देते.

आमच्याकडे यावर दोनदा बूस्टर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे देणारी पेटी, आणले, एकदा जास्त अँटेनांचा राउटर आणला. पैसा लोकांच्या दानातला होता. पण जिथे सिग्नलच तुटका येतो तिथे बूस्टर लावला, तर तो तेच तुटके पुढे देणार. त्यातच साधा बूस्टर एकाच चॅनेलवर आळीपाळीने ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. मोठ्या राउटरचेही तसेच. तो कितीही मोठ्याने बोलला तरी कॅमेऱ्याचा बारीक आवाज भिंतीपलीकडे त्याच्यापर्यंत पोचायला हवा, आणि प्रक्षेपणात तर सगळा माल कॅमेऱ्याकडूनच बाहेर जायचा असतो.

उपाय एकच, भिंतीपलीकडे चर्चच्या आतपर्यंत तार न्या. निवासापासून चर्चपर्यंत उघड्यावरून जाणारा तुकडा फायबरचा, म्हणजे काचेच्या तंतूचा असावा. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे पावसाळ्यात जवळपास वीज कोसळली तरी तिचा झटका त्या वाटेने आत येत नाही. आत कॅट-६ ही नेटवर्कची केबल चालते, एका दमात १०० मीटरपर्यंत. त्याच केबलमधून ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे आत वाय-फाय देणाऱ्या पेटीला, वीजही देता येते, म्हणजे माळ्यावर वेगळा प्लग नको. केबल पूर्ण तांब्याचीच घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, पण तिच्यातून वीज सोडली की ती तापते. हे दुकानदाराला स्पष्ट विचारा, तार खरवडून बघा. कॅमेरा मात्र वाय-फायवर ठेवूच नका, त्याला थेट तार जोडा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

आणखी एक कळकळीची विनंती. पोर्तुगीज काळापासून उभ्या असलेल्या भिंतींना ड्रिल लावू नका. स्पीकरच्या वायरी नेण्यासाठी जुन्या माणसांनी आधीच वाट करून ठेवली आहे, सॅक्रिस्टीच्या (धर्मगुरूंची वस्त्रे ठेवायच्या खोलीच्या) दारावर बघा. आमच्या चर्चमध्ये तीच भोके आहेत आणि केबल त्यातून आरामात जाते, मी दोरी घालून पाहिली.

बाकांवर बसलेल्यांना मिस्सेत वाय-फाय द्यावे असे मला वाटत नाही, त्यांनी फोन खिशातच ठेवावा. माझे म्हणणे घरी पडून असलेल्यांसाठी आहे. २०२०च्या मार्चमध्ये प्रार्थनास्थळे बंद झाली तेव्हा घाईघाईत हे प्रक्षेपण सुरू झाले. पुढे दरवाजे उघडले, पण सगळेच परत येऊ शकले नाहीत. माझी पत्नी संधिवातामुळे जिना उतरू शकत नाही. रविवारी सकाळी ती केस विंचरून, डोक्यावर पदर घेऊन फोनसमोर बसते. चित्र थांबले की मला हाक मारत नाही, हातातली रोझरी तेवढी फिरवत राहते. अशी म्हातारी माणसे आमच्या आळीतच सात-आठ आहेत, आणि आखातात, इस्रायलमध्ये, कॅनडात गेलेली मुले तर घरोघरी.

पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत हे सगळे मी मांडणार आहे. वसईतल्या दुसऱ्या कुठल्याही चर्चला किंवा देवळाला हीच अडचण असेल, तर मी विनामूल्य येऊन बघीन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. शिडी तेवढी तिथली लागेल. क्रिम्पिंगची पक्कड आणि टेस्टर माझ्याकडे आहेत.

आपला,
एक निवृत्त लाइनमन, वसई