टर्बाइनच्या वर आणि खाली काय आहे, ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुर्गम गावाने श्रमदानातून ओढ्यावर वीज तयार केली, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. छायाचित्रात बहुधा टर्बाइन असते. खरे तर ते सहसा दगा देत नाही. असे प्रकल्प अडतात ते त्याच्या वरच्या बाजूला, पाटात आणि पाइपात. नाहीतर खाली, घरांच्या जोडण्यांमध्ये.

सुरुवातीचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला किती लिटर पाणी येते आणि ते किती मीटर उभे खाली पडते, यांचा गुणाकार करून पुन्हा 5 ने गुणावे. उत्तर वॅटमध्ये येते. पाण्यातली सुमारे निम्मी शक्ती पाइप, टर्बाइन आणि जनरेटरमध्ये खर्च होते, हे त्यात धरले आहे. 20 लिटर आणि 30 मीटर म्हणजे 3000 वॅट. प्रवाह मोजायचा तो ओढा सर्वांत आटलेला असताना. सगळे पाणी 200 लिटरच्या पिंपात वळवले आणि ते 10 सेकंदांत भरले, तर 20 लिटर. पावसाळी प्रवाह बघून यंत्र घेतले, की वर्षातले कित्येक महिने ते अर्धपोटी चालते. उंचीसाठी नळी पाण्याने भरून खालच्या टोकाला दाबमापक लावावा. एक बार दाब म्हणजे सुमारे 10 मीटर उंची. डोंगरउताराची लांबी म्हणजे उंची नव्हे. ही गल्लत फार होते.

पाटातून येणारे पाणी आधी रुंद टाकीत संथ झाले पाहिजे. तिथे वाळू खाली बसली नाही, तर ती टर्बाइनची पाती खाते. टाकीच्या तळाशी गाळ सोडायची झडप हवीच. पुढच्या टाकीत, पाइपाच्या तोंडापाशी, तिरकी जाळी बसवतात. पावसाळ्यात ती पाल्यापाचोळ्याने दिवसातून अनेकदा तुंबते, आणि खरा धोका तिथेच आहे. वरून पाणी अडले आणि खालून वाहून गेले, की पाइपात पोकळी तयार होऊन पातळ पाइप चपटा होतो. म्हणून पाइपाच्या तोंडाशी हवेची उभी नळी ठेवतात. याउलट खालची झडप झटक्यात बंद केली, तर दाब उसळून सांधे निखळतात. ती सावकाशच फिरवायची. पीव्हीसी पाइप जमिनीत पुरावा, उन्हात तो ठिसूळ होतो. व्यासात कंजूषी करू नये: व्यास पाचव्या हिश्श्याने घटवला, तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षणातला तोटा जवळजवळ तिप्पट होतो.

लहान प्रकल्पांत कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) लावून साधी इंडक्शन मोटारच जनरेटर म्हणून चालवतात. स्वस्त आणि टिकाऊ. पण भार झेपेनासा झाला, की तिचा व्होल्टेज एकदम कोसळतो. कधी तिचे उरलेसुरले चुंबकत्वही जाते; मग बंद मोटारीच्या वेटोळ्याला 12 व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून ते परत आणावे लागते. उलट, सगळ्यांनी दिवे मालवले तर वेग वाढतो. त्यासाठी लोड कंट्रोलर उरलेली वीज हीटरच्या कॉइलमध्ये जाळतो. कॉइल तुटली आणि कुणाच्या लक्षात आले नाही, तर व्होल्टेज चढून बल्ब आणि कपॅसिटर दोन्ही जातात. सुटे भाग घेताना आधी जास्तीच्या कॉइल आणि कपॅसिटर घ्यावेत.

तारांचाही हिशेब हवा. 230 व्होल्टवर 3000 वॅट म्हणजे 13 अँपिअर. टर्बाइनपासून गाव 500 मीटरवर असेल आणि तार 16 चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची असेल, तर वाटेत सुमारे 23 व्होल्ट गळतात.

राहिला वाटपाचा प्रश्न. 50 घरांत 3000 वॅट म्हणजे प्रत्येकी 60 वॅट, तोही तारांतला तोटा न धरता. तीन घरांनी हजार वॅटच्या इस्त्र्या लावल्या, की गाव अंधारात. अनेक ठिकाणी युनिटवर बिल आकारतात. आमच्या मते ते इथे गैरलागू आहे. पाणी रात्रंदिवस वाहतेच, दुपारच्या युनिटला वेगळा खर्च नाही. टंचाई असते ती संध्याकाळच्या दोन-तीन तासांत. म्हणून घरागणिक वॅटची मर्यादा ठरवावी, ती ओलांडताच तोडणारा स्विच खांबावर बसवावा आणि ठरलेली मासिक वर्गणी घ्यावी. त्यातून जाळी साफ करणाऱ्या चालकाचा पगार आधी निघाला पाहिजे. पिठाची गिरणी चालवायची तर दुपारी, आणि तिच्या मोटारीचा सुरुवातीचा झटका जनरेटरला पेलतो का, हे गिरणी घेण्यापूर्वी तपासावे.

आपले,
लघुजलविद्युत क्षेत्रातील काही तंत्रज्ञ